‘आता चर्चा करा’ म्हणण्याआधी: महाविद्यालयाच्या वर्गात गटचर्चा कशी घ्यावी

“चला, चार-चारचे गट करा आणि या विषयावर चर्चा करा.” एवढं बोलून आपण बाजूला झालो की पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, ते शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. पुढच्या बाकांवरचे दोघं-तिघं बोलतात, मधले मान डोलावतात, मागे वेगळ्याच गप्पा रंगतात. मग एक गट उठून पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवतो, तास संपतो, आणि स्टाफरूममध्ये आपण म्हणतो, “आमची मुलं बोलतच नाहीत.” मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

मुलं बोलत नाहीत कारण बोलण्याआधी त्यांच्या हातात आपण काहीच दिलेलं नसतं. निवडण्याजोगा प्रश्न नसतो, स्वतःचं मत लिहून काढायला शांतता नसते, शेवटी काय द्यायचं ते ठाऊक नसतं. हे सगळं आधी दिलं तर तीच मुलं वेळ संपल्यावरही थांबत नाहीत. म्हणून या लेखात जास्त जागा तयारीला दिली आहे. ५० मिनिटांचा तास, साठेक विद्यार्थी आणि जमिनीला पक्के केलेले बाक असा वर्ग मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. इथे जमलं तर लहान वर्गात जमतंच.

## टप्पा १: प्रश्न तयार करा (आदल्या दिवशी)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्न फसला की पुढचं काहीही सावरता येत नाही.

‘सरासरीचे फायदे-तोटे यावर चर्चा करा’ हा चर्चेचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर पुस्तकात तयार आहे, ते उतरवून काढायला चार डोकी लागत नाहीत. ‘सरासरी म्हणजे काय?’ हाही नाही, कारण ज्याला येतं तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. चर्चेच्या प्रश्नात तीन गोष्टी लागतात: समोर एक ठोस प्रसंग किंवा माहिती असावी, मोजक्या पर्यायांतून एकच निवडावा लागावा, आणि अभ्यास केलेल्या दोघांचीही निवड वेगळी होऊ शकावी.

माझ्या वर्गात चाललेला एक प्रश्न पूर्ण देतो. एका कंपनीतल्या दहा जणांचे महिन्याचे पगार हजारांत असे आहेत: १५, १५, १५, १८, २०, २४, २६, २७, ४०, ३००. सरासरी ५० हजार, मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा) २२ हजार, बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) १५ हजार. नोकरीच्या जाहिरातीत यातला एकच आकडा छापायचा आहे. नव्याने लागणाऱ्या उमेदवाराच्या दृष्टीने कोणता आकडा प्रामाणिक? एकच निवडा आणि कारण एका वाक्यात लिहा.

या प्रश्नाचं पहिलं रूप वेगळं होतं. ‘जाहिरातीत सरासरी पगार ५० हजार लिहिला आहे, हे योग्य आहे का?’ असं मी विचारलं होतं. सगळे गट दीड मिनिटात ‘दिशाभूल आहे’ म्हणाले आणि हात बांधून बसले. प्रश्न विचारतानाच उत्तर सांगून टाकलं होतं. ‘नव्याने लागणारा उमेदवार’ हे शब्द आले आणि वर्ग दुभंगला. मध्यक सगळ्या कर्मचाऱ्यांचं चित्र दाखवतो हे खरं, पण नव्याने लागणाऱ्याच्या हातात बहुधा १५ हजारच पडणार. यावर भांडता येतं, आणि भांडताना तिन्ही संकल्पना वापराव्याच लागतात. आकडे मोजून झालेले देतो हेही मुद्दाम. नाहीतर पहिली सात मिनिटं कॅल्क्युलेटरवर जातात.

पडताळा: प्रश्न लिहून झाला की स्वतः दोन वेगळ्या निवडींच्या बाजूने तीन-तीन वाक्यं लिहून बघा. दुसऱ्या बाजूला लिहायला काही सुचत नसेल तर तो प्रश्न चर्चेचा नाही, तो शिकवून टाका.

ज्या विषयांत उत्तर एकच बरोबर असतं, तिथेही हे चालतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी रुजवलेल्या पद्धतीत आधी बहुपर्यायी प्रश्नावर प्रत्येकाचं वैयक्तिक मत घेतात. बरोबर उत्तर देणारे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तरच शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगतात. त्याहून कमी असतील तर संकल्पनाच पोहोचलेली नाही, पुन्हा शिकवावं लागेल. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जायचं. हात वर करून मोजलं तरी चालतं, फक्त सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जायला हवेत. एकेक पर्याय वाचत गेलात तर उरलेले हुशार मुलाचा हात कधी उठतो ते बघत बसतात.

## टप्पा २: वाचायचं काय ते वर्गातच द्या

‘पुढच्या तासाला प्रकरण वाचून या, आपण चर्चा करू’ यावर चर्चा उभी करू नका. साठातले वीस वाचून येतील, आणि बाकीच्या चाळिसांकडे बोलायला काही नसेल. अर्ध्या पानाचा मजकूर किंवा एक तक्ता वर्गात द्या आणि वाचायला वेळ द्या. प्रकरण घरून वाचून येणं आवश्यकच असेल तर वर्गात येताना पाच ओळींची चिठ्ठी आणायला सांगा आणि ती दारातच घ्या. ज्यांच्याकडे चिठ्ठी नाही त्यांना पहिली दहा मिनिटं वाचायला बसवा. त्यांना गटांत विखरून टाकलंत तर वाचून आलेल्यांवर अन्याय होतो.

## टप्पा ३: वेळेचा कागद

प्रत्येक पायरीला मिनिटं ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद टेबलावर ठेवा. माझा असा असतो:

- सूचना आणि गट: ५ मिनिटं
- एकट्याने लिहिणं: ४
- जोडीत बोलणं: ५
- चौघांत निर्णय: १२
- गटांची मांडणी: १२
- शिक्षकाचा समारोप: ७
- वैयक्तिक चिठ्ठी: ३

बेरीज ४८ होते. उरलेली २ मिनिटं हजेरी आणि दिरंगाई खाऊन टाकतात.

सावध: गटांचं बोलणं रंगात आलं की ‘अजून पाच मिनिटं घ्या’ म्हणण्याचा मोह होतो. ती पाच मिनिटं समारोपातून जातात. समारोप न झालेल्या चर्चेतून मुलं चुकीच्या कल्पना अधिक पक्क्या करून बाहेर पडतात, कारण आता त्या कल्पनांना मित्रांचा दुजोराही मिळालेला असतो. कापायचंच असेल तर मांडणीचा वेळ कापा.

## टप्पा ४: गट चौघांचे, आणि तुम्ही पाडलेले

सहा-आठ जणांचा गट केला की दोघं बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेल्या मोजमापांत माणसं वाढत गेली तसा माणशी जोर कमी होत गेला होता. वर्गातही तेच दिसतं. चारचा आकडा सोयीचा, कारण त्यात दोन जोड्या बसतात. एखादा गट पाचाचा झाला तर हरकत नाही, सहाचा करू नका.

पक्क्या बाकांच्या वर्गात सोपा उपाय असा: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेने मागे वळायचं, मागच्या रांगेकडे तोंड करायचं. पुढचे दोन आणि मागचे दोन मिळून गट. कुणी जागा सोडत नाही, अर्ध्या मिनिटात गट तयार. तोटा एवढाच, की नेहमी एकत्र बसणारे मित्र एकत्रच राहतात. पहिले दोन-तीन तास ते चालवून घ्या, कारण ओळखीच्यांत तोंड लवकर उघडतं. पुढे मिसळायची वेळ आली की आकडे मोजायला लावा.

आकडे मोजतानाची एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की वेगळी सांगतो. चौघांचे गट हवेत म्हणून ‘एक, दोन, तीन, चार’ असं मोजायला लावतात आणि मग ‘सगळे एक नंबरवाले इकडे या’ म्हणतात. साठ जणांत एक नंबरवाले पंधरा निघतात, म्हणजे पंधरा-पंधराचे चार गट होतात. चौघांचे गट हवे असतील तर जितके गट हवेत तितके आकडे मोजायचे. साठ जणांसाठी एक ते पंधरा. बासष्ट जण असतील तरी एक ते पंधराच मोजा, पहिल्या दोन गटांत पाच-पाच जण येतील.

गट स्वतःचे स्वतः पाडायला सांगू नका. प्रत्येक वर्गात तीन-चार मुलं अशी असतात की ज्यांना कुणीच ‘इकडे ये’ म्हणत नाही. ती दोन मिनिटं ज्याने उभ्याने काढली तो पुढची वीस मिनिटं बोलत नाही.

## टप्पा ५: सूचना आधी, गट नंतर

हा क्रम उलटा झाला की तास गेला. गट एकदा समोरासमोर बसले की तुमच्याकडे पाठ झालेली असते, आणि मग सूचना तीन वेळा ओरडून द्याव्या लागतात. सगळे पुढे बघत असतानाच चार गोष्टी फळ्यावर लिहा:

1. प्रश्न, शब्दशः.
2. शेवटी काय द्यायचं: ‘एक निवड, एक कारण, आणि आपल्या निवडीविरुद्धचा सगळ्यात बळकट मुद्दा’.
3. किती मिनिटं, घड्याळात किती वाजेपर्यंत.
4. थांबण्याची खूण.

दुसऱ्या ओळीतला ‘विरुद्धचा बळकट मुद्दा’ सोडू नका. तो मागितला नाही तर पहिल्याने सुचवलेलं उत्तर बाकीचे तिघं मुकाट्याने मान्य करतात आणि गट मोकळा होतो.

खूण म्हणजे तुम्ही हात वर करायचा, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. टाळ्या वाजवणं, डस्टर आपटणं यापेक्षा हे कितीतरी बरं. पहिल्या वेळी पुरा एक मिनिट लागेल. हात खाली न घेता शांत उभे राहा.

पडताळा: ‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. मधल्या बाकावरच्या कुणालाही विचारा, “शेवटी कागदावर किती गोष्टी असायला हव्यात?” त्याला तीन सांगता आल्या तरच गट पाडा.

## टप्पा ६: चार मिनिटं पूर्ण शांतता

प्रत्येकाने स्वतःची निवड आणि कारण वहीत लिहायचं. कुणाशी बोलायचं नाही, शेजारच्या वहीत बघायचं नाही. सगळ्या पद्धतीत वगळली जाणारी पायरी हीच. ‘वेळ नाही’ म्हणून लोक थेट गटांवर येतात आणि मग म्हणतात की ठरावीक मुलंच बोलतात. अर्थात तीच बोलणार, त्यांना बोलता बोलता विचार करता येतो. ज्याला आधी विचार जुळवून मग बोलायचं असतं त्याचं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. लिहिलेलं असलं की त्याला निदान वाचून दाखवता येतं.

या चार मिनिटांत तुम्ही काय करता यावर बरंच अवलंबून आहे. बोलू नका. ‘अजून एक सांगायचं राहिलं’ असं म्हणत मध्ये पडू नका. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आणि बोलणाऱ्यांत नवे आवाज आले. शांतता आपल्याला टोचते, लिहिणाऱ्याला ती लागतेच. बाकांमधून एक फेरी मारा. कोऱ्या वहीपुढे बसलेल्याला हळूच सांगा, “फक्त आकडा लिही, कारण नंतर.”

## टप्पा ७: आधी जोडी, मग चौघं

जोडीत प्रत्येकाला दोन मिनिटं. एक बोलेल, दुसरा फक्त ऐकेल, मग उलट. शेवटच्या मिनिटात एकमेकांना एक प्रश्न विचारायचा. दोन मिनिटं झाली की तुम्हीच ‘आता दुसऱ्याने बोला’ असं सांगा. नाहीतर बोलका चार मिनिटं घेतो.

चौघांत आल्यावर पहिला नियम: आपलं मत मांडायचं नाही, आपल्या जोडीदाराचं मांडायचं. यामुळे जोडीत कान द्यावा लागतो, आणि स्वतःच्या मतासाठी तोंड न उघडणारी मुलंही दुसऱ्याचं मत मोकळेपणाने सांगतात. ते झालं की मग निवडीवर वाद.

कामं वाटून द्या: एक वेळ पाहणारा, एक नोंद घेणारा, एक शंका काढणारा. शंका काढणाऱ्याचं काम गटाचं मत काहीही असो, ‘याविरुद्ध काय म्हणता येईल?’ असं निदान दोनदा विचारणं. चौथं काम, म्हणजे वर्गापुढे मांडणं, मुद्दाम रिकामं ठेवा. ते कुणी करायचं हे वेळ संपल्यावर तुम्ही ठरवा: ‘ज्याचा वाढदिवस आजच्या तारखेनंतर सगळ्यात आधी येतो तो’, किंवा चिठ्ठी काढून. मांडणारा आधीच ठरला की बाकीचे तिघं निवांत होतात. कुणालाही उठावं लागेल हे कळलं की चौघं एकमेकांना विचारून घेतात, “मी उठलो तर काय सांगू?” हा प्रश्न मला गटागटांत ऐकू येऊ लागला तेव्हा पद्धत लागू पडल्याचं मला कळलं.

सावध: नोंद घ्यायचं काम बहुतेक वेळा अक्षर चांगलं असलेल्या मुलीकडे जातं आणि वर्षभर तिच्याकडेच राहतं. लिहिणारी बोलत नाही. कामं दर तासाला फिरवा, ‘खिडकीजवळ बसलेल्याने नोंद घ्या’ असं जागेवरून वाटा.

गटात आपापसांत ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलू द्या. मांडणी अभ्यासाच्या भाषेत. विचार आणि परकी भाषा दोन्ही एकदम तोलायला लावलं की अर्धा वर्ग गप्प होतो, आणि आपण त्याला अभ्यास नसणं समजतो.

## टप्पा ८: गट बोलत असताना तुम्ही

पहिल्या फेरीत काही बोलू नका. झपाझप सगळ्या गटांजवळून जा, काम समजलेलं आहे ना एवढंच बघा. तीन गट एकच चूक करत असतील तर हाताची खूण करून सगळ्यांना एकदाच सांगा.

दुसऱ्या फेरीत ऐका, आणि कुणाकडे काय आहे ते खिशातल्या कागदावर टिपा: ‘गट ४: बहुलक, कारण चांगलं’, ‘गट ९: मध्यक म्हणजे सरासरीच समजतायत’. मांडणीला कुणाला कोणत्या क्रमाने उठवायचं ते या कागदावरून ठरतं.

तुम्ही जवळ आलात की गट बोलणं थांबवून तुमच्याकडे बघतो आणि कुणीतरी विचारतं, “सर, बरोबर आहे ना?” इथे ‘हो’ म्हटलंत तर त्या गटाची चर्चा तिथेच संपली, ‘नाही’ म्हटलंत तरी संपलीच. माझी ठरलेली तीन उत्तरं आहेत. “तुमच्यातल्या कुणाला हे पटत नाहीये?” “हे वाक्य तुम्ही कशावरून म्हणताय, तक्त्यात दाखवा.” आणि पगारांच्या प्रश्नापुरतं, “त्या ३०० चे ६०० करा, मग कोणता आकडा हलतो ते बघा.” सरासरी ८० हजारांवर जाते, मध्यक आणि बहुलक जागच्या जागी राहतात. हे स्वतः करून पाहिलेल्या गटाचा चेहराच बदलतो. प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या गटाकडे निघा. तुम्ही थांबलात की ते तुमच्याशी बोलणार.

लवकर आटोपलेल्या गटासाठी खिशात एक जादा प्रश्न ठेवा: ‘आता उमेदवाराच्या जागी कंपनीत दहा वर्षं काम केलेल्या माणसाला धरा. निवड बदलते का?’

एकच जण सगळा वेळ खात असेल तर सगळ्यांदेखत टोकू नका. त्याला काम द्या: पुढची पाच मिनिटं बाकीच्या तिघांचे मुद्दे एकेका ओळीत लिहायचे आणि ‘तुझं म्हणणं हेच ना?’ म्हणून खात्री करून घ्यायची. तास संपल्यावर बाजूला घेऊन मोकळेपणाने बोला. अशी मुलं बहुधा उत्साहाने बोलतात, त्यांचा उत्साह मारायचा नसतो.

## टप्पा ९: मांडणी

पंधरा गटांना ओळीने उठवू नका. तिसऱ्या गटानंतर ‘आमचंही तेच’ सुरू होतं. आधी सगळ्यांची निवड एकदम दाखवून घ्या: प्रत्येक गटाने कागदावर मोठ्या अक्षरात निवड लिहायची आणि खूण होताच वर धरायची. वर्ग किती दुभंगला आहे ते सगळ्यांना एका नजरेत दिसतं. मग तुमच्या टिपणातले चार गट उठवा, प्रत्येकाला दीड मिनिट. अल्पमतातल्या गटाला आधी बोलू द्या. बहुमताचा गट आधी बोलला की वेगळं म्हणणाऱ्याचा आवाज खाली जातो.

दुसऱ्या गटाने उठताना आधी मागच्या गटाच्या एका मुद्द्याला उत्तर द्यायचं, मगच आपलं सांगायचं. एवढ्या एका अटीने गट एकमेकांचं ऐकू लागतात. नाहीतर आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक जण आपल्याच कागदात डोकं घालून बसतो.

## टप्पा १०: समारोप तुम्हीच करा

‘सगळ्यांचे मुद्दे छान होते’ हा समारोप नाही. सात मिनिटांत तीन गोष्टी सांगा. ऐकू आलेल्या चुकीच्या समजुती गटाचं नाव न घेता सांगा आणि दुरुस्त करा. जिथे उत्तर ठाम आहे तिथे ते ठामपणे सांगा. एकच फार मोठा पगार सरासरीला ओढतो, यात दोन मतं नाहीत. आणि जिथे निवड हेतूवर अवलंबून आहे तिथे कोणत्या हेतूला कोणती निवड, ते दाखवा. मुलांनी वापरलेलीच उदाहरणं घ्या. “मघाशी एक गट म्हणाला की…” असं वाक्य आलं की मागचा बाकही वर बघतो.

## टप्पा ११: वैयक्तिक चिठ्ठी

शेवटच्या ३ मिनिटांत प्रत्येकाने लिहायचं: माझी पहिली निवड काय होती, आता काय आहे, आणि कोणत्या मुद्द्यामुळे बदलली किंवा टिकली. नाव लिहायचं, दारात द्यायची.

गुण द्यायचे असतील तर या चिठ्ठीला द्या. कोण किती वेळा बोललं ते मोजून गुण देऊ नका, मुलं बोलण्यासाठी बोलू लागतात. चौघांना सारखे गुणही देऊ नका, काम करणाऱ्याच्या मनात कायमची अढी बसते. साठ चिठ्ठ्या वाचायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात: कारण आहे, अर्धवट आहे, नाही, अशा तीन ढिगांत टाकत जातो.

## दोन वेगळ्या रचना, आणि त्या कुठे फसतात

वाटून घेतलेला मजकूर. एका विषयाचे चार तुकडे करायचे. एकच तुकडा मिळालेल्यांनी आधी एकत्र बसून तो समजून घ्यायचा, मग चारही तुकड्यांचा एकेक जण असलेल्या गटात येऊन इतरांना शिकवायचा. एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ साली ही रचना शाळांत वापरली. महाविद्यालयात ती फसते ती गैरहजेरीने. तुकडे आदल्या दिवशी वाटलेत तर तिसरा तुकडाच आलेला नाही असे चार गट निघतात. तुकडे वर्गात, हजर डोकी मोजून वाटा, आणि जादा मुलं असतील तर एका तुकड्याला दोघं ठेवा. आणखी एक दक्षता: प्रत्येकाने आपला तुकडा सांगून झाला की चारही तुकडे लागतील असा प्रश्न द्या. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांच्या १९८५ सालच्या प्रयोगात गट सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीवरच जास्त बोलले, एकट्याकडे असलेली माहिती मागे राहिली. तुमच्या वर्गातही तेच होईल, म्हणून ‘प्रत्येक तुकड्यातला एक पुरावा उत्तरात हवा’ अशी अट लिहूनच द्या.

बाजू बदल. विषय नाजूक असेल, मतं आधीच टोकाची असतील, तेव्हा ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं थेट विचारू नका. चौघांत दोघांना एक बाजू, दोघांना दुसरी बाजू नेमून द्या. सात मिनिटांनी बाजू बदला, म्हणजे आतापर्यंत जे खोडत होते तेच मांडायचं. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून एक निवेदन लिहायचं. मत नेमून दिलेलं असल्यामुळे भांडण अंगावर येत नाही. घाईत बाजू बदलायची पायरी वगळू नका. ती वगळलीत तर ही नुसती वादविवाद स्पर्धा होते.

## पहिल्याच दिवशी सगळं करू नका

चर्चेची सवय नसलेल्या वर्गात पहिल्या आठवड्यात फक्त लिहिणं आणि जोडी, तासाच्या मध्ये दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात चौघं, कामं न वाटता. तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण तास. पहिला पूर्ण तास बहुधा विस्कळीत होतो, वेळ चुकते, दोन गट भरकटतात. तेवढ्यावरून परत व्याख्यानाकडे जाऊ नका. चिठ्ठ्या वाचून कोणती पायरी निसटली ते शोधा. ‘काय करायचं ते कळलं नाही’ असं बऱ्याच चिठ्ठ्यांत असेल तर टप्पा ५ कच्चा राहिला. सगळ्यांची पहिली आणि शेवटची निवड एकच असेल तर टप्पा १ मधला प्रश्नच एकतर्फी आहे.

पुढच्या तासाची सुरुवात त्याच चिठ्ठ्यांपैकी तीन, नावं न घेता, वाचून करा. एक मत बदललेली, एक न बदललेली, आणि एक शंका विचारणारी. शंकेचं उत्तर वर्गाकडून घ्या, आणि मग नवा प्रश्न फळ्यावर लिहा.